मलरचं ताट

मलर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीवर दोन हजार सहा सालच्या गणेश चतुर्थीला, दुपारच्या आरतीच्या दहा मिनिटं आधी, बेडोकच्या एका कॉन्डोतल्या, म्हणजे पैसेवाल्यांच्या सोसायटीतल्या, फंक्शन रूममध्ये अन्याय झाला. करणारे आम्ही होतो. देशाबाहेर येऊन राहिलेली पंधरा मराठी घरं. सगळी शिकलेली, सगळी देवाधर्माची, सगळ्यांच्या अंगावर रेशीम. कुणी तिला हात लावला नाही, कुणी शिवी दिली नाही. तरीही तो अन्याय होता, आणि तीन वर्षांत त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही. म्हणून मी काढते आहे.

पत्रक लिहायचं तर असंच सुरू करायचं. कुणावर, कधी, कुठे, कुणी, मग मागणी, मधे फाफटपसारा नको. भाड्याच्या फ्लॅटांतल्या मुलांना अभ्यासाला बसायला जागा मिळावी म्हणून आम्ही पाच-सहा जण दोन वर्षं पत्रकं काढतो, घड्या घालतो, लेटरबॉक्सांत टाकतो. एवढं तर मला जमतं. पण हे पत्रक काही घडीत बसेना. कारण परवा सकाळी खिडकी उघडली आणि तो वास आला.

हेझचा वास. समुद्रापलीकडे कुठेतरी जंगलं जळतात आणि इथे आमच्या पडद्यांना, उश्यांना, शाळेच्या दप्तरांना जळक्या लाकडाचा वास लागतो. कुणीतरी पेटत्या चुलीवर पाणी ओतून निघून गेल्यासारखा. समोरचा ब्लॉक पुसट होतो, त्याच्या मागचा नाहीसाच होतो. सकाळचा सूर्य डोळे न मिचकावता बघता येतो, गावठी अंड्याच्या बलकासारखा तांबडा. बांबूंवर वाळत घातलेले कपडे सगळे आत ओढले जातात आणि ब्लॉक एकदम बोडके दिसायला लागतात. "खिडक्या लाव गं," आई आतून ओरडली, "घसा धरतो लगेच."

खिडकी लावली, घसा धरलाच. आणि भूक लागली. हेझ आला की मला भूक लागते. लोकांना खोकला येतो, मला वरणभात आठवतो. वर तुपाची धार, कडेला लिंबाची फोड, आणि त्यावर स्टीलचं झाकण, धूर जाऊ नये म्हणून. ते ताट हातात घेऊन मी तीन वर्षांपूर्वी जिने चढत होते. त्या वासातून मला अजून उतरता आलेलं नाही.

सुलभाकाकू आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहायच्या. सकाळी ऑडिटच्या ऑफिसात, संध्याकाळी सहाला घरी. पायातले बूट काढता काढता कुकर लावायच्या. काका सेम्बावांगला शिपयार्डात इंजिनियर. देव्हारा स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याच्या वरच्या फळीवर. कॉरिडॉरमध्ये कुंडीत तुळस, शेजारच्या चिनी आजींच्या मिरच्यांना खेटून. साडेसहाला नैवेद्य दाखवला जायचा, रोज.

तुमच्याआमच्या घरी नैवेद्य दाखवून झाला की ते ताट घरातला कर्ता माणूस घेतो. काकूंकडे तसं नव्हतं. त्या ताटावर काकांना हक्क नव्हता. काका म्हणायचे, "या घरात देवाला जेवायची वेळ आहे, पाहुण्याला आहे. मी आपला कढईतून खातो." आणि खरोखरच ओट्यापाशी उभे राहून कढईतून खायचे, मजेत.

ते ताट कुणाचं, याची गोष्ट काकू एकदाच सांगून मोकळ्या झाल्या होत्या. मीच खोदून विचारलं होतं.

"ताट ठेवलं आणि सहज त्याला विचारलं, आज कुणाला पाठवतोस रे? रोज आपणच दाखवायचं आणि आपणच खायचं, मला कसंतरीच वाटायला लागलं होतं. मग तुळशीला पाणी घालायला बाहेर आले आणि खाली पाहिलं. समोरच्या व्हॉइड डेकवर दगडी टेबलापाशी एक मुलगी वही उघडून बसलेली. पेन तोंडात. पेन चघळत होती गं, अगदी उसासारखं. म्हटलं, बरं, ही होय."

"मग? हाक मारलीत?"

"मारली. वर बघितलं आणि परत वहीत. कसली येतेय! मग मीच ताट घेऊन खाली गेले. देव माणूस दाखवतो, घरपोच नाही आणत."

व्हॉइड डेक म्हणजे ब्लॉकच्या खालचा मोकळा मजला. खांब, वारा, दगडी टेबलं आणि बुद्धिबळाचे पट कोरलेली बाकं. तिथे त्या दिवशी मलरनं पहिल्यांदा आमटी खाल्ली. मलर समोरच्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहायची, एका खोलीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, आजीबरोबर. आजीला ती तमिळमध्ये पाट्टी म्हणायची. पाट्टी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, टेबलं पुसायची, उष्टे ट्रे उचलायची. खोलीत टीव्ही होता, गादी होती, पाट्टीच्या दोन मैत्रिणी असायच्या. वही ठेवायला जागा नव्हती. आईवडील कुठे आहेत हे काकूंनी कधी विचारलं नाही. मी विचारलं. मलर म्हणाली, "नॉट इन द सिलॅबस."

हळूहळू आणखी तीन-चार मुलं यायला लागली. टेबल तेच. काकू गणित घ्यायच्या. पावणेसातला एकेक जण वर जाऊन जेवून यायचा, पण पहिलं, देवापुढचं ताट मलरचं. ती पहिली आली होती म्हणून. दारातून आत येतानाच विचारायची, "आँटी, टुडे गॉट व्हॉट?" आणि काकू ताट पुढे करून म्हणायच्या, "चल, तुझं ताट." मांडी घालून बसायचं, हात जोडायचे, ज्याला मानतेस त्याचं नाव घ्यायचं आणि पहिला घास गोडाचा. एवढाच नियम होता. मलर तमिळमध्ये काहीतरी पुटपुटायची, इतक्या वेगानं की काका म्हणायचे, देवाला सबटायटल लागत असणार. आणि "बास, बास" म्हणत ताट पुढेच करायची. बास हा शब्द म्हणजे वाढा असा तिचा समज होता की सोंग, मला कधी कळलं नाही.

मी तिथे पुण्य करायला गेले नव्हते. शाळेत समाजसेवेचे तास भरावे लागायचे, त्याचा फॉर्म असायचा, त्यावर सही लागायची. आई म्हणाली, सुलभाकाकूंकडे जा, लिफ्टनं चार मजले, बसचंही काम नाही. मी गेले. मलर आणि मी एकाच वर्षाला होतो, दोघींची ओ लेव्हल, म्हणजे इथली दहावी, त्या गणपतीनंतरच्या ऑक्टोबरात. माझी शाळा नावाजलेली, तिची नाही. माझ्याकडे तीन ट्यूशन, तिच्याकडे एक दगडी टेबल.

काकू सही करताना घड्याळ बघायच्या.

"दोन तास झाले, काकू."

"त्यातला अर्धा तास तू आमटी ओरपत होतीस. दीड लिहिते."

मी चिडायचे. आज कुणी मला विचारलं की सेवा म्हणजे काय, तर मला तो कापलेला अर्धा तास आठवतो. त्या अर्ध्या तासात मी मलरची मदतनीस नव्हते. आम्ही दोघी एका पंक्तीला बसलेल्या होतो.

मलरला भूमिती यायची, बीजगणित नाही. माझं उलटं. ती एक्सकडे बोट दाखवून विचारायची आणि मी खांदे उडवून मराठीतच म्हणायचे, "माहीत नाही." ती हसायची. मग मी तिला वर्तुळाचं प्रमेय विचारलं की तीही डोळे फिरवून म्हणायची, "माहीत नाही!" त अगदी कडक, न वर भार. तिनं शिकलेले पहिले मराठी शब्द ते. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

त्या वर्षी आमच्या पंधरा घरांचा गणपती नेने वहिनींच्या कॉन्डोत होता. नैवेद्याचा स्वयंपाक काकूंकडे. काकूंनी टेबलावरच्या सगळ्या मुलांना सांगितलं, या, आणि उपाशी या. बाकीची आली नाहीत. मलर आली. तिच्याकडे घालायला तसं काही नव्हतं, म्हणून मी माझा मोरपंखी पंजाबी ड्रेस दिला. खांद्यात जरा सैल झाला, पण ती फार छान दिसत होती. बसमध्ये ओढणी दर मिनिटाला नीट करत होती आणि विचारत होती, "तुझ्या देवाला माहितीये का मी येणारे?" इंग्रजीतच विचारलं, पण अगदी गंभीरपणे.

हॉलमध्ये गेल्यावर मी तिला दारापाशी सोडून टाळ शोधायला गेले. काकू आतल्या छोट्या स्वयंपाकघरात मोदकांचा दुसरा घाणा उकडत होत्या. पुरुषमंडळी छताकडे बघत उभी होती. तिथे धुराचा अलार्म होता आणि कापूर लावला तर तो वाजेल का, वाजला तर गार्ड येईल का, यावर परिषद भरली होती. गणपतीपुढे चौरंगाला लागून केळीच्या पानावर ताट वाढून ठेवलेलं. एकवीस मोदक, वर तूप, कडेला दूर्वा.

मलरनं ते ताट पाहिलं. देवापुढचं ताट. दोन वर्षं रोज ती ज्या ताटावर बसत होती तेच. तिनं चपला आधीच काढल्या होत्या. ती पुढे गेली, मांडी घालून बसली, ओढणी डोक्यावरून घेतली, हात जोडले, डोळे मिटले, तिचं ते वेगवान तमिळ पुटपुटली आणि पहिला घास गोडाचा म्हणून एक मोदक उचलून खाल्ला.

काकूंच्या घरी ती वर यायची तेव्हा नैवेद्य दाखवून झालेला असायचा. देवाला आधी दाखवतात, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. आम्ही कुणी सांगितलंही नव्हतं. तिला शिकवलेलं सगळं तिनं बिनचूक केलं.

"अगं! अगं ए! काय केलंस हे?" नेने वहिनींचा आवाज मोठा आहे, आरतीत तोच उपयोगी पडतो. "उष्टं केलंस सगळं! अजून आरती व्हायचीय! कोण आहे ही? कुणाबरोबर आलीय?"

छताकडची डोकी खाली आली. सगळे बघायला लागले. मलरच्या हातात अर्धा मोदक, ओठाला खोबरं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या नजरेमागून नेने वहिनींनीही माझ्याकडे पाहिलं. "रेवा, तुझ्याबरोबर आहे का गं ही?"

मी म्हणाले, "माहीत नाही."

आई चार पावलांवर उभी होती. तो ड्रेस आईनंच शिवून आणला होता, पुण्याहून. तिनं ड्रेस ओळखला, मला ओळखलं, आणि हातातली फुलं निवडत राहिली.

बाकीचं मराठी मलरला कळलं नसेल. तेवढे दोन शब्द कळले. तिनं अर्धा मोदक पानाच्या कडेला ठेवला, अगदी काठावर, बाकीच्यांना लागू नये असा. उठली. ओढणी खांद्यावर घेतली आणि चपला हातात घेऊनच बाहेर गेली.

काकू चाळणी घेऊन बाहेर आल्या तेव्हा दुसरं ताट वाढायची घाई चालली होती. त्यांना कुणीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसरं कशाला? याचा नैवेद्य झाला."

"अहो सुलभाताई, सोवळंओवळं राहू दे, पण निदान देवाच्या आधी तरी..."

"नाव घेऊन बसली होती ती, वहिनी. आपण अलार्म वाजेल का बघत होतो."

एवढंच बोलल्या. चाळणी खाली ठेवली, पर्स घेतली आणि नेसत्या पैठणीनिशी बस स्टॉपकडे गेल्या. आम्ही दुसरं ताट वाढलं. आरती केली. मी टाळ वाजवले. चांगले वाजवले, एकही ठोका चुकला नाही.

मग हेझ आला. दरवर्षीपेक्षा जास्त, सगळे म्हणत होते. शाळेत मैदानावरचे तास बंद झाले, घसे बसले, फार्मसीतले मास्क संपले. मी तीन आठवडे काकूंकडे फिरकले नाही. खिडकीतून दगडी टेबल दिसायचं. मुलं असायची, मलर नसायची. एकानं सांगितलं, मलरनं शाळा सोडली, पाट्टीबरोबर ट्रे उचलायला जाते. ओ लेव्हलला पाच आठवडे होते. तिचं नाव नोंदवलेलं होतं, नंबर आला होता, आणि ती जाणार नव्हती. मलरसारख्या मुलीचं एकदा सुटलं की पुन्हा धरायला मागे तीन ट्यूशन नसतात.

मी काय केलं? मी एक निषेधपत्र लिहिलं. फुलस्केप कागदावर, दोन पानं. ढोंगी, जातीयवादी, देवाला फ्रीजसारखं वापरणारे, असं बरंच काही. माझं पहिलं पत्रक. पंधरा घरांत वाटायचं ठरवलं आणि आधी शाबासकी घ्यायला काकूंकडे गेले.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.

"छान लिहिलंयस. झणझणीत आहे. यात तुझं नाव कुठे आहे?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"ड्रेस तुझा होता ना? मग ती कुणाबरोबर आली हे हॉलमध्ये कुणालातरी माहीत असणार."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली आणि ताट वाढायला घेतलं. भात, वरण, तूप, भेंडीची भाजी, वाटीत शिरा. देवाला दाखवलं. झाकण ठेवलं. "चल, धर. मला जिन्यात कठडा धरावा लागतो, हात मोकळा हवा."

तेव्हा कळलं की गेले तीन आठवडे त्या रोज जात होत्या. समोरच्या जुन्या ब्लॉकची लिफ्ट तेव्हा पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावरच थांबायची. नवव्याला उतरून दोन मजले चढायचे. जिन्याच्या जाळीतून धूर आत यायचा, दिवे लागायच्या आधीच अंधारल्यासारखं व्हायचं, आणि काकूंचा गुडघा दर पायरीला बारीक वाजायचा. अकराव्यावर जाळीचा दरवाजा बंद. बाहेर चपलांचं कपाट, त्यावर कालचं ताट. धुतलेलं, पालथं घातलेलं.

"खाल्लं तिनं!" मी म्हटलं.

"पाट्टी खाते. मलर शिवत नाही. परवा पाट्टीनं निरोप दिला, वांग्यात मीठ कमी होतं." काकूंना त्याचंही हसू येत होतं. "पहिले चार दिवस तर तसंच परत आणलं, मुंग्यांसकट."

त्यांनी दार वाजवलं, "मलर, ताट ठेवलंय गं," असं मराठीतच म्हणाल्या आणि वळल्या. एवढंच. ना समजूत, ना भाषण.

मी जिन्यात उखडले. "काकू, असं रोज ताट ठेवून काय होणार? परीक्षा जवळ आली. देव काहीही करत नाहीये!"

त्या मधल्या पायरीवर थांबल्या, दम घ्यायला. "विश्वास ठेवायचा म्हणजे काय वाटतं तुला? तो करेल आणि मी खिडकीत बसून बघेन? मला आपलं एवढंच कळतं, उद्याही जिना चढायचा. दार उघडणं न उघडणं त्या दोघांचं. त्याचं आणि तिचं."

"आणि नाहीच उघडलं तर?"

"मग पाट्टीला मीठ नीट घालेन."

मी त्या दिवसापासून रोज ताट धरलं. नऊ दिवस. आज तो वास आला की मला ते नऊ दिवस एकाच लांब संध्याकाळसारखे आठवतात. झाकणाखालची ऊब तळहाताला, नाकात जळकं जंगल, कुठल्यातरी मजल्यावरून रमझानचा उपास सोडतानाच्या ताटवाट्यांचा आवाज, कुणाच्या तरी घरी तळलेली मासळी, आणि वर वर जाणारा काकूंचा गुडघा. मी तोवर आरत्या पाठ केल्या होत्या, अथर्वशीर्षाला बक्षीस मिळवलं होतं. देवाकडे माझं काही काम आहे असं मला त्या जिन्यात पहिल्यांदा वाटलं. मी मागत होते, उघडू दे. माझ्यासाठी उघडू दे, असं. स्वार्थीच मागणं होतं, पण खरं होतं.

दहाव्या दिवशी काकूंना खोकल्यानं ताप आला. ताट माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "एकटी जा. आणि तिला विचार, मोदक कसा झाला होता? पहिला तिनंच खाल्ला. नंतर मला कुणी धड सांगितलंच नाही."

मी गेले. दार वाजवलं. आतून तमिळ टीव्हीचा आवाज. दाराला प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली, तिच्यात माझा मोरपंखी ड्रेस, धुऊन, इस्त्री करून. तिला माहीत होतं आता ताट कोण धरतं.

"मलर," मी जाळीतून म्हणाले, "ड्रेस ठेव ना तुला."

"तू तर मला ओळखत नाहीस," आतून आवाज आला. इंग्रजीत, तिच्या त्या तुटक चालीत. "तुझे कपडे मी कसे घालू? लोक विचारतील, कुणाचे? मी काय सांगू, माहीत नाही?"

शेवटचे दोन शब्द मराठीत होते. त कडक.

मी बराच विचार करून आले होते काय बोलायचं ते. सगळं विसरले. म्हणाले, "मला माहीत होतं. मी घाबरले. मी खोटं बोलले." जिन्यावर कुणीतरी खाकरत गेलं. मग म्हणाले, "काकूंना ताप आहे. त्यांनी विचारलंय, मोदक कसा झाला होता."

टीव्ही बंद झाला. मग दार उघडलं. जाळी नाही, फक्त आतलं दार. मलर उभी होती, हॉकर सेंटरचा टी-शर्ट घालून, हात साबणानं पांढरे पडलेले.

"टू स्वीट," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बट नाइस लाह." मग आणखी थांबून तिनं विचारलं, "तुझा देव रागावला का?"

"काकू म्हणतात, नाही."

"आणि तू?"

"मी? मी कशाला रागावू?"

"तू नाही. तू काय म्हणतेस, रागावला का?"

मला त्याआधी हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "माझ्यावर रागावला असेल."

तेव्हा ती हसली, पहिल्यांदा. जाळीची कडी काढली, ताट घेतलं आणि दारातच मांडी घातली. हात जोडले. झाकण उघडून शिऱ्याचा घास घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "कुठल्या धड्यापर्यंत आलात तुम्ही?"

पुढचं पत्रकात बसत नाही, कारण ते फारसं विजयी नाही. मलर परीक्षेला बसली. गणितात पास झाली, दोन विषयांत नाही, एक पुन्हा दिला. आज ती पुंगोलच्या नव्या वस्तीत एका बालवाडीत शिकवते, आणि तिथल्या तरुण जोडप्यांची नाकं वाहणारी पोरं तिच्या मागे "टीचर मलर, टीचर मलर" करत फिरतात. मी पत्रकं वाटते म्हटल्यावर म्हणते, "अजून कागदच वाटतेस? खायला काय देतेस?" नेने वहिनींना पश्चात्ताप झाला का, मला माहीत नाही, आणि या वेळी खरंच माहीत नाही. आईनं एक दिवस न बोलता तो मोरपंखी ड्रेस खांद्यात आत घेतला आणि माझ्या हाती मलरकडे पाठवला. पंधरा घरांच्या गणपतीला मलर पुन्हा कधी आली नाही. का यावं?

काका निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी ते दोघं पुण्याला परत गेले. समोरच्या ब्लॉकची लिफ्ट आता प्रत्येक मजल्यावर थांबते. काकूंच्या गुडघ्याला जरा उशीरच झाला. चौथ्या मजल्यावर दुसरे लोक आले. दगडी टेबल आहे. परवा हेझमध्ये मी खिडकी लावायला गेले तेव्हा त्या टेबलापाशी एक मुलगी बसलेली होती, नाकाला रुमाल बांधून, वही उघडून. मी तिला ओळखत नाही. पुन्हा हे लिहायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून मी कालच खाली जाऊन तिचं नाव विचारून आले. हुस्ना. गणित अवघड जातं म्हणाली.

पण मी एकटी आणि ताट एक. टेबलं बेडोकमध्ये किती आहेत, तुम्हीच खाली जाऊन बघा.

तेव्हा ही मागणी. देवावर विश्वास आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येक घराकडे, आमच्या पंधरांसकट. थोड्याच दिवसांत गणपती बसतील. नैवेद्य दाखवून झाला की त्या ताटावर बसू नका. झाकण ठेवा. लिफ्टनं खाली जा. जी वही उघडून बसलेली दिसेल तिच्यापुढे ते ताट ठेवा. तिला चालतं ते आणि चालत नाही ते आधी विचारून घ्या, आणि तिच्या वहीत काय अडलंय तेही विचारा. ती नाही म्हणाली तर उद्या परत जा. आणि पुढच्या वर्षी ती तुमच्या हॉलमध्ये आली, काही चुकली, आणि कुणी मोठ्या आवाजात विचारलं, ही कोण, कुणाबरोबर आलीय, तर टाळ खाली ठेवा, पुढे व्हा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा: माझ्याबरोबर.